ग्वुश्च, चार नंबर

आमच्या भाषेत ग्वुश्च म्हणजे खिळा.
सहा अक्षरं. त्यातली दोन
डोक्यावर तिरका फटकारा असलेली,
कातोवित्सेहून वेगळी मागवावी लागतात,
अख्ख्या संघात दुसऱ्या कुणाच्या नावात ती नाहीत.
म्हणून तीस जूनचं मला
पेपरवाल्यांच्या आधी कळलं.
क्लबातून निरोप आला:
बोगुमिला, ती अक्षरं आता मागवू नकोस.

मी कुणाला बोलले नाही.
स्टेडियमच्या जिन्याखाली माझं दुकान,
एक छपाईचं मशीन,
जर्स्यांचे गठ्ठे,
आणि काही विकत न घेणारी माणसं.

एवाल्ड, खाण बंद झाल्यापासून रोज दहाला हजर:
"एकतिसावं लागलंय त्याला. गुडघा बघितलास?
जिना उतरतानासुद्धा कठडा धरतो.
असल्याला तीन वर्षांचा करार कोण देईल?"

तेओफिल तापतो.
"आणि मागच्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये घरंगळत होतो
तेव्हा गोललाइनवर आडवा पडलेला गुडघा कुणाचा होता?
अध्यक्षांनीच घोंगडं भिजत ठेवलंय.
डिसेंबरातच सही झाली असती."
"डिसेंबरात तोच म्हणाला, बघू."
"बघू म्हणजे नाही नव्हे."
"माझी बायको बघू म्हणाली होती.
चाळीस वर्षं झाली. अजून बघतेय."

हिल्डेगार्डा, तिकीट-खिडकीवरची,
सिगारेट विझवून आत येते.
त्याच्या बायकोनं मुलींचे शाळेचे दाखले काढले म्हणे.
कुठल्या गावासाठी?
ते दाखल्यावर लिहीत नाहीत.

मग बराच वेळ पैसे.
जर्मनीतला कुठलासा क्लब, दुप्पट, नाही चौपट,
सगळ्यांना त्याचा पगार ठाऊक
आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा.
"करार संपला की फुकट जातो, दमडी मिळत नाही आपल्याला."
"मिळाली असती तर तुझ्या हातावर ठेवली असती?"

एवाल्ड टोपी काढतो.
सकाळपासून तो काहीतरी चघळतोय.
"त्यानं कबुतरं मेव्हण्याला दिली."

इथं परसापरसात कबुतरखाना.
कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.
शर्यतीचं कबुतर दुसऱ्या गावी नेता येत नाही:
वर्षभर कोंडा, मटार चारा,
दार उघडलं की ते जुन्या छपरावर.
"माणसाचं तसं नसतं," तेओफिल म्हणाला.
पण ते कुणाच्या बाजूनं म्हटलं
हे त्याचं त्यालाही कळलं नसावं,
कारण तो पुढं काही बोललाच नाही.

तेवढ्यात एक मुलगा आला, मागं आई.
पहिल्या कम्युनियनचं पाकीट हातात,
पाकिटावर सोनेरी प्याला, आत नोटा.
"ग्वुश्च, चार नंबर."
"जुलैपर्यंत थांब ना रे," आई म्हणाली,
"छापलेली जर्सी परत घेत नाहीत."
बाईंचं बरोबर आहे, एवाल्ड म्हणाला.
बरोबर आहे, तेओफिलही म्हणाला.
दिवसभरातलं पहिलं एकमत.

मुलानं माझ्याकडं बघितलं.
"तो गेला तर मी ती घालायची नाही का?"

मला कुणी काही विचारण्याची सवय नाही.
मी मशीन तापवलं. दीडशे अंश.
अक्षरं मांडली, पट्टी लावून सरळ केली,
मूठ दाबून धरली.
पंधरा सेकंद लागतात.
तेवढा वेळ कुणी बोललं नाही,
हिल्डेगार्डानं दार उघडं धरलं होतं
तेही लावलं नाही.

बिलात मी दोन अक्षरं कमी धरली.
खणात आता पाच उरलीत:
दोन जर्स्या होतील,
एक अक्षर शिल्लक राहील.
त्याचं काय करायचं,
बघू.